पेजेचा रंग, सायीचा रंग

अण्णांनी हात हलवल्याशिवाय आमच्या घरातून कुणाला बाहेर पडता येत नसे. सकाळी शाळेत जायला मी लुना काढली की ते फाटकापाशी उभेच असत. आधी गंगापूर रोडच्या दिशेनं बघायचे, मग गल्लीच्या आतल्या बाजूला, पुन्हा एकदा रस्त्याकडे, आणि मग उजवा हात डोक्याच्या वर नेऊन सावकाश हलवायचे. त्या वेळी गल्लीत एखादी म्हैस आणि दूधवाला यांच्याखेरीज कुणी नसायचं आणि मला रोज उशीर झालेला असायचा. एकदा मी न थांबताच निघाले. संध्याकाळी मला जिन्यापाशी गाठून ते म्हणाले, "बाई, झेंडी दाखवायच्या आधी गाडी सुटली, तर जबाबदारी कोणाची?" मी म्हटलं, "माझी." "मग ठीक हाय," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकाशी हजर.

अण्णा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी मनमाडला गेली. मालगाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात एकट्यानं बसायचं, मागे पडत जाणारे रूळ बघायचे, आणि सगळं ठीक आहे अशी खात्री झाली की हिरवी झेंडी दाखवायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्या कामाचा त्यांना भारी अभिमान होता. जो कुणी ओट्यावर टेकेल त्याला ते ऐकवायचे, "डायवर पुढचं बघतो, त्याला पोरं टाटा करतात. मागं कोण बसलंय ते कोण बघतंय? पण गाडी सुटते ती मागच्याच्या हातानं." आणि लगेच पुढचं वाक्य ठरलेलं, "बघितल्याबिगर झेंडी नाय. एकदा बी नाय."

निवृत्त झाल्यावर त्यांनी नाशकात छोटं घर बांधलं आणि वर दोन खोल्या काढल्या. त्या खोल्यांत नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही नवरा-बायको भाड्यानं राहायला गेलो. मी शाळेत शिकवत होते म्हणून अण्णा मला 'बाई' म्हणायचे. ते माझ्या वडिलांपेक्षाही मोठे होते, पण 'अगं-तुगं' त्यांनी कधी केलं नाही. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावलेला. घरात बसलेले असले तरी पायांत बूट घालून बसल्यासारखे दिसायचे. पहिल्या भेटीत मला ते आवडले नव्हते, हे सांगून टाकते. जो माणूस घरातल्या प्रत्येक नळाची चकती स्वतः तपासून भाडेकरूला त्यावर व्याख्यान देतो, तो घरमालक म्हणून काय काय करील याची मला धास्तीच वाटली होती. प्रत्यक्षात त्यांनी आम्हाला लेकरांसारखं सांभाळलं, फक्त सांभाळताना सूचना फार केल्या.

घरातलं सगळं अण्णा ठरवायचे. ठरवून झालं की इंदूकाकूंना विचारायचे. इंदूकाकू म्हणजे त्यांची बायको, माहेर घोटीचं, भाताची शेती असलेल्या मोठ्या खटल्यातल्या. बुटक्या, गोऱ्या, हसताना तोंडावर पदर धरणाऱ्या. बाजारातून आणलेले द्राक्षांचे घड टेबलावर मांडून अण्णा म्हणायचे, "हेच घेतले, बरे हायेत ना?" काकू म्हणायच्या, "हो." तुळस मागच्या दारी ठेवली, चालेल ना? हो. घराच्या सगळ्या भिंतींना रेल्वेच्या क्वार्टरला असतो तसला पिवळट रंग दिला, डोळ्याला सवय हाय, काय? हो. एकदा मी न राहवून काकूंना म्हटलं, "काकू, तुम्ही कधी नाही म्हणत नाही का हो?" त्या निवडत असलेल्या मेथीतून मान वर न करता म्हणाल्या, "हो म्हणायला काय लागतं बाई? जीभ टाळूला बी लावावी लागत नाय."

म्हणूनच त्यांनी मागची खोली मागितली तेव्हा मला आश्चर्य वाटलं. ती खोली धान्याच्या कोठ्या आणि अडगळ ठेवायला होती, पण पूर्वेकडे मोठी खिडकी होती. काकूंना गोधड्या शिवायचा नाद होता. जुनी लुगडी, शर्ट, पडदे, काय मिळेल ते जोडून त्या शिवत बसायच्या आणि कुणी आलं की सगळा पसारा गोळा करून पलंगाखाली सारायच्या. एके दिवशी जेवताना त्यांनी अण्णांना सांगितलं की कोठ्या जिन्याखाली घ्या, ती खोली मला पाहिजे. अण्णा म्हणाले, घे की, त्यात काय. मग त्या म्हणाल्या, "आन रंग माझ्या मनाचा देणार." हे मला अण्णांनीच सांगितलं, जिन्यात थांबवून, जणू घरात काहीतरी मोडलं होतं.

बाळू पेंटर रंगांचं कार्ड घेऊन आला. त्यावरच्या इंग्रजी नावांशी काकूंना काही कर्तव्य नव्हतं. त्यांनी सगळे गडद रंग बाजूला सारले, फिके रंग ठेवले, त्यातलेही फिके ठेवले, आणि शेवटी दोन उरले. बाळूनं खिडकीसमोरच्या भिंतीवर दोन्हींचे पाटाएवढे पट्टे मारून दिले. काकूंनी मला हाक मारून खाली नेलं. पहिल्यांदा मलाही फरक कळला नाही. मग त्यांनी मला खिडकीला पाठ करून उभं केलं आणि म्हणाल्या, "हा बघा, पेजेसारखा. भाताची पातळ पेज असती ना, तिच्या निवळीसारखा. आन हा सायीसारखा." तेव्हा मला दिसलं. एक किंचित निळसर, थंड पांढरा होता. दुसऱ्यात कुठेतरी अगदी थोडं पिवळं मिसळलेलं होतं.

त्यानंतर कितीतरी दिवस तो पट्ट्यांचा उद्योग चालला. सकाळी उन्हात बघायचं, दुपारी खिडकी लोटून बघायचं, संध्याकाळी दिवा लावून बघायचं. कधी म्हणायच्या पेज बरी, कधी म्हणायच्या साय. कोठ्या हललेल्या, खोली रिकामी, आणि मध्ये एका पाटावर बसून काकू भिंतीकडे बघतायत, असं मी शाळेतून आल्यावर बऱ्याचदा पाहिलं. बाळू दारात येऊन वैतागायचा, "काकू, वाळल्यावर दोन्ही एकच दिसतात. कोणता बी द्या ना." त्यावर त्या त्याला चहा द्यायच्या आणि उद्या ये म्हणून सांगायच्या. मला वाटतं, त्यांना निर्णयाची घाईच नव्हती. आपण ठरवायचं आहे, हीच गोष्ट त्यांना पुरवून पुरवून खायची होती.

अण्णांचं मत मात्र पहिल्याच दिवशी झालेलं होतं. ते दारातूनच म्हणाले, "दोन्ही एकच हायेत."

"अहो, आत येऊन नीट बघा तरी."

"रेल्वेत डोळ्यांच्या तपासणीला मी एकदा बी फेल नाय. एकच हायेत म्हणजे एकच हायेत." आणि ते निघून गेले.

खरी गोष्ट अशी होती की अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि ते त्यांच्याखेरीज गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. ते वर्तमानपत्र खिडकीत नेऊन वाचायचे. एकदा मला हात दाखवून त्यांनी निघायला सांगितलं आणि समोरून सायकलवाला आला, मी कसाबसा ब्रेक लावला. अण्णांनी त्या सायकलवाल्यालाच फैलावर घेतलं. काकूंनी डॉक्टरांचा विषय काढला की दोन दिवस अबोला. लाल-हिरवा ओळखण्यावर ज्याची सगळी नोकरी झाली, त्या माणसाला 'तुम्हाला दिसत नाही' हे कुणी आणि कसं सांगायचं? त्यामुळे कुणीच सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुटीत आम्ही सांगलीला माझ्या माहेरी गेलो. परत आलो तर खाली कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, इंदूकाकूंना अर्धांगवायूचा झटका आला, दवाखान्यात आहेत. आम्ही तसेच गेलो. काकूंची उजवी बाजू पूर्ण लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. अण्णा बाहेरच्या बाकावर ताठ बसले होते, बटणं मनगटापर्यंत लावलेली. मला बघून म्हणाले, "सकाळी उठली, चूल पेटवायला गेली आन पडली."

काकू घरी आल्या तेव्हा त्यांची खाट बाहेरच्या खोलीत ठेवली. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, मुलगा बडोद्याला असायचा, तो येऊन राहिला आणि रजा संपल्यावर गेला. 'तिकडे चला' असं त्यानं फार सांगितलं, पण अण्णा हलले नाहीत. काकूंचं सगळं ते स्वतः करायचे. अंग पुसणं, वेणी घालणं, भरवणं. वेणी सुरुवातीला इतकी वाईट घालायचे की मी खाली जाऊन पुन्हा घालून द्यायची, पुढे त्यांना जमायला लागली. काही आठवड्यांनी काकूंच्या तोंडून एक शब्द परत आला. तो शब्द होता 'हो'. आम्हाला सगळ्यांना केवढा आनंद झाला! पाणी देऊ का? हो. कूस बदलू का? हो. आणि मग हळूहळू लक्षात आलं की त्या सगळ्यालाच हो म्हणतात. उकडतंय का विचारलं तरी हो, थंडी वाजते का विचारलं तरी हो. डॉक्टर म्हणाले, त्यांना पुष्कळसं समजतं, पण बोलायला गेल्या की हा एकच शब्द बाहेर येतो. त्या 'हो'वर विसंबू नका. हे सांगताना डॉक्टरांना अर्थातच ठाऊक नव्हतं की या घरात त्या 'हो'वरच सगळं उभं होतं.

एका रविवारी मी काकूंना पेलाभर ताक द्यायला गेले, तर बाहेरच्या खोलीत अण्णा नव्हते. ते मागच्या रिकाम्या खोलीत पट्ट्यांसमोर उभे होते. मला म्हणाले, "बाई, तुमच्याशी बोलली असंल ना ती? कोणता घ्यायचा ठरला होता?" मी सांगितलं की मी असेपर्यंत काही ठरलं नव्हतं, सकाळी एक म्हणायच्या, संध्याकाळी दुसरा. त्यांनी मान हलवली.

"ठरला होता," ते म्हणाले. "आदल्या दिवशी संध्याकाळी ठरला. मला इथं बोलावलं. मी दारात उभा. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, माझं ध्यान तिकडं. म्हणाली, अहो, झालं माझं नक्की, हा देते. 'हा' म्हणून बोट लावलं भिंतीला. आन मी बघितलंच नाय, बाई. मी म्हटलं, दे कोणता बी, एकच तर हायेत. सकाळी ती पडली."

मग ते म्हणाले, "बातम्यांचं निमित्त होतं. मला बघायचंच नव्हतं. बघितलं असतं तर मला दोन दिसले नसते, आन तिला ते कळलं असतं."

त्यांना काकूंना त्या खोलीत आणायचं होतं. दिवसभर खाटेवर पडून राहायचं तर निदान तिच्या खोलीत राहू दे, पूर्वेच्या उजेडात, तिनं पसंत केलेल्या भिंतीसमोर. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काही मागितलं होतं, ते तिला मिळालं पाहिजे, दुसरं नाही, तेच. मी म्हटलं, "अण्णा, दोन्ही छान आहेत, कुठलाही दिलात तरी काकूंना बरंच वाटेल." ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की मला माझं वाक्य तिथंच थांबवावंसं वाटलं. म्हणाले, "तेच मी तिला म्हणालो होतो."

त्यांनी काकूंनाही विचारून पाहिलं होतं. खुर्चीत बसवून आत आणलं, एका पट्ट्यावर हात ठेवला, "हा का?" हो. दुसऱ्यावर ठेवला, "मग हा का?" हो. विचारताना त्यांनी आवाज मऊ करून पाहिला, रागावूनही पाहिलं. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेव्हा त्यांनी विचारणं थांबवलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी आमच्या ह्यांना एकीकडे घेऊन विचारलं, डोळ्याच्या ऑपरेशनला बरोबर याल का. कुणी काही बोललं नव्हतं, काही समजावलं नव्हतं. मी त्या दिवशी शाळेतून रजा घेऊन काकूंजवळ बसले. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं. अण्णा पट्टी बांधून परत आले आणि भिंतीला हात लावत लावत चालू लागले. पट्टी निघाली त्या दिवशी आमच्या ह्यांच्या सायकलला मागे टाकून रिक्षानं घरी आले, बूट न काढता थेट मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

बराच वेळ झाला म्हणून मी दार ढकललं. अण्णा काकूंच्या त्या पाटावर बसले होते. तळहातानं एक डोळा झाकायचे, भिंतीकडे बघायचे, मग दुसरा झाकायचे. माझी चाहूल लागली तरी वळले नाहीत.

"जुन्या डोळ्यानं एकच दिसतोय," ते म्हणाले. "नव्यानं दोन हायेत." मग पुन्हा म्हणाले, "दोन हायेत हो, बाई. किती येगळे हायेत! ती महिनाभर सांगत होती."

त्यांना मी रडताना तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही रडले असं म्हणता येणार नाही, कारण नुकत्याच ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि अण्णा सूचना पाळणारे गृहस्थ होते. ते फक्त मान वर करून छताकडे बघत बसले.

आता फरक दिसत होता, पण काकूंचं बोट कुठल्या पट्ट्यावर होतं ते थोडंच दिसणार होतं? तरी अण्णांनी प्रयत्न सोडला नाही. काकूंची खुर्ची भिंतीसमोर ठेवून त्या कुठे बघतात यावर ते लक्ष ठेवू लागले. काकू डावीकडे बघायच्या, आणि डावीकडे पेज होती. अण्णांचा चेहरा उजळला. पण बघितल्याबिगर झेंडी नाही. त्यांनी बाळूला बोलावून बाजूच्या भिंतीवर उलटे पट्टे मारून घेतले, डावीकडे साय, उजवीकडे पेज. काकूंनी पुन्हा डावीकडेच पाहिलं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, त्यांना उजवीकडचं नीट जाणवतच नाही, त्या डावीकडेच बघणार. बाळू पेंटर बिचारा एव्हाना आमच्या गल्लीत यायलाच घाबरू लागला होता.

शेवटी अण्णांनी विचार करून ठरवलं. मला त्यांनी त्यांचा हिशेब समजावून सांगितला, अगदी गाडीचं वेळापत्रक सांगावं तसा. काकू घोटीच्या. लहानपणापासून सकाळी उठून पेज प्यायलेल्या. लग्न होऊन मनमाडला आल्या तरी आजारपणात, उन्हाळ्यात, पोरांना दात येताना, कधीही पेजच करायच्या. स्वतःसाठी वेगळं काही हवं असलं की तेच. "तिला पेज आवडती," अण्णा म्हणाले. "हे मला बघायची गरज नाय, हे मला माहीत हाय." मलाही ते पटलं. इतकंच नाही, मला ते फार सुंदर वाटलं. नवऱ्यानं बायकोच्या माहेरची आठवण धरून रंग निवडावा, याहून जास्त काय पाहिजे?

बाळूनं खोलीला पेजेचा रंग दिला, रंग कमी पडला म्हणून बाजूची भिंत तेवढी राहिली. वास जाईपर्यंत खिडकी उघडी ठेवली. मग एका सकाळी आमचे हे आणि अण्णा यांनी काकूंची खाट उचलून आत नेली आणि खिडकीच्या उजेडात ठेवली. उशाला त्यांची अर्धवट शिवलेली गोधडी ठेवली. मी शाळेच्या घाईत वर गेले होते. केस विंचरत होते, तेवढ्यात खालून अण्णांची हाक आली. तसली हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, काकू गेल्या. मी तशीच मोकळ्या केसांनी जिना उतरले.

अण्णा मागच्या खोलीच्या दारात चौकटीला धरून उभे होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, ऑपरेशनच्याही आणि दुसऱ्याही.

"नको म्हणाली!" ते म्हणाले. "बाई, नको म्हणाली ती मला!"

मी आत गेले. काकू खाटेवर होत्या. डावा हात उचलून त्यांनी भिंतीकडे केला होता आणि तो हात हलत होता, नाही म्हणताना हलवतात तसा. अण्णा त्यांच्याजवळ वाकले. "काय म्हणालीस? परत म्हण बरं." काकूंचं वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं झालं, ओठ जुळेनात, कपाळावर शीर फुगली. आणि मग स्वच्छ शब्द आला, "नको."

"हा रंग नको?"

"नको."

"साय पाहिजे? साय?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर आम्ही कोणीच त्यावर विश्वास ठेवला नसता, आणि मला अजून वाटतं, ते त्यांनाही कळत होतं. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी डावा हात बाजूच्या भिंतीकडे नेला, जिथे दुसऱ्यांदा मारलेले पट्टे अजून तसेच होते, कारण ती भिंत बाळू दुपारी करणार होता. त्यांचं बोट सायीच्या पट्ट्याकडे थांबलं. या खेपेला अण्णा बघत होते.

मी त्या दिवशी शाळेत गेले नाही. बाळूला निरोप गेला, तो कपाळावर हात मारत आला, आणि अण्णांनी त्याला मिठी मारली. तो इतका गांगरला की नंतर काम करताना एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून अण्णा म्हणाले, "पेज तिनं जलमभर खाल्ली. मी समजलो आवडती. अहो, ज्या घरात पंचवीस माणसं, तिथं पोरींच्या वाट्याला पेजच येती. साय कुठून येणार?" मग म्हणाले, "माझ्या घरात बी साय मलाच वाढायची. मी कधी बघितलं नाय तिच्या ताटात."

सायीच्या रंगाच्या त्या खोलीत काकू उरलेला हिवाळा आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत होत्या. सकाळचं ऊन भिंतीवर आलं की खोली उबदार दिसायची. बोलणं पुढे फारसं सुधारलं नाही. 'हो' आणि 'नको' एवढेच दोन शब्द, आणि 'नको' क्वचितच. पण अण्णा आता प्रत्येक गोष्ट थांबून विचारायचे आणि उत्तरासाठी चेहऱ्याकडे बघत बसायचे. भात का पोळी, खिडकी उघडू का लोटू, आज वेणी सैल घालू का घट्ट. कधी कधी चमच्यातला घास गार व्हायचा इतका वेळ ते थांबायचे. काकू झोपेतच गेल्या, पहाटे, त्या खिडकीपाशी.

त्यानंतर अण्णा आणखी काही वर्षं होते. आम्ही स्वतःच्या घरात राहायला गेलो तरी मी अधूनमधून जात असे. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन त्यांनी करून घेतलं. एक खोड मात्र त्यांना जडली ती शेवटपर्यंत सुटली नाही. चहा घेणार का विचारलं आणि आपण हो म्हटलं, की ते म्हणायचे, "तसं नाय. पाहिजे का? नको असंल तर नको म्हणा." सून बडोद्याहून आली की तिला भाजी कोणती करायची ते तीनतीनदा विचारायचे. ती बिचारी कंटाळून जायची. मलाही कधी कधी कंटाळा यायचा, पण मी दर वेळी खरंखुरं उत्तर द्यायला शिकले.

काकूंचं तेरावं झालं त्या दिवशीचं एक सांगून थांबते. पाहुणे पांगले होते. मी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले, तर अण्णा जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. खाट काढून टाकली होती.

"मनमाडला राहायचं का नाशकात घर बांधायचं, ते मी तिला विचारलं होतं," ते म्हणाले. "हो म्हणाली. पोराला बडोद्याला धाडू का, हो. पोरीला त्या स्थळी देऊ का, हो. तिच्या आईच्या आजारपणात घोटीला आठच दिवस राहा म्हटलं, हो म्हणाली. मी आपला खूश. म्हणायचो, मी तिला विचारल्याबिगर काही करत नाय." त्यांनी चहाचा पेला हातात घेतला, पण प्यायले नाहीत. "त्यातले खरे हो किती असतील, बाई?"

"सगळे खरे होते, अण्णा," असं म्हणायला मी तोंड उघडलं. शाळेत मुलांची समजूत घालायची मला सवय आहे, असली वाक्यं माझ्या जिभेवर तयार असतात. पण मेथी निवडणाऱ्या काकूंचा आवाज मी ऐकलेला होता. मला ते वाक्य म्हणता आलं नाही.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"नका सांगू," ते म्हणाले. "वाचा होती तवर मी तिला विचारलंच नाय. नुसतं सांगत होतो."